‘लूज हार्ट’चा अर्थ पाठ, वापर मात्र चुकतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांची जी गाइडे मिळतात, त्यांत इंग्रजी वाक्प्रचारांच्या लांबलचक याद्या असतात. ‘लूज हार्ट’समोर बहुधा एकच शब्द: निराश होणे. अर्थ बरोबर आहे, पण विद्यार्थी अडतो तो वाक्य लिहिताना.

या वाक्प्रचारात ‘हार्ट’च्या आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘हिज’ काहीच येत नाही. कर्ता अनेकवचनी असला तरी ‘हार्ट’ एकवचनीच राहते: ‘द प्लेअर्स लॉस्ट हार्ट’. मध्ये ‘हिज’ आणि पुढे ‘टू’ आले की अर्थ पार बदलतो. ‘ही लॉस्ट हिज हार्ट टू हर’ म्हणजे तो तिच्या प्रेमात पडला! स्पेलिंगचाही घोळ होतो. ‘लूज मोशन’ आपल्या तोंडी इतके बसले आहे की मुले इथेही दोन ‘ओ’ लिहितात. तो सैल या अर्थाचा शब्द, त्याचा इंग्रजी उच्चार ‘लूस’. इथे ‘ओ’ एकच.

छटांकडे तर यादीत कुणी पाहतच नाही. काम चालू असताना उमेद खचते, तेव्हा ‘लूज हार्ट’; धीर सोडणे, खचणे हे त्याला जवळचे. ‘थ्रो इन द टॉवेल’ ही मनाची अवस्था नव्हे, ती कृती आहे. मुष्टियुद्धात आपला खेळाडू फार मार खातोय असे दिसले की त्याच्या कोपऱ्यातला साथीदार रिंगणात टॉवेल टाकतो, म्हणजे हार कबूल. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एखादा मुलगा निकालाने खचला, तरी रोज येऊन बसतो. त्याने ‘लॉस्ट हार्ट’ म्हणता येईल, टॉवेल टाकला असे मुळीच म्हणता येणार नाही. हे दोन्ही ‘निराश होणे’ या एकाच रकान्यात कोंबणे चूक आहे. ‘गिव्ह अप द घोस्ट’ तर प्राण सोडणे किंवा यंत्र कायमचे बंद पडणे यासाठीच मुख्यतः वापरतात.

प्रकाशकांनी याद्या निम्म्या कराव्यात, पण प्रत्येक वाक्प्रचाराखाली एक बरोबर आणि एक चुकीचे वाक्य द्यावे. ‘डोन्ट लूज हार्ट’शेजारीच ‘टेक हार्ट’, म्हणजे धीर धरणे, हा उलट प्रयोगही छापावा. आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षा सदरातही हीच पद्धत ठेवावी, ही विनंती.

– इंग्रजीची एक शिक्षिका, पुणे ३०