सिझेरियन झालेल्या बाईला पाळीविषयी कोण सांगणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या दीड वर्षाच्या मुलीला लस देण्यासाठी मी ऐरोलीतील नागरी आरोग्य केंद्रात गेले होते. रांगेत शेजारी बसलेल्या एका तरुण आईने इकडेतिकडे पाहून मला हळूच विचारले, “ताई, तुमचं सीझर झालं होतं का? मग पाळी कधी आली?” तिचे बाळ साडेतीन महिन्यांचे होते. दोन महिन्यांचे असताना एकदा रक्तस्राव झाला, मग काहीच नाही, आणि आता चार दिवसांपासून नुसते डाग, हे नेमके काय आहे आणि ते कोणाला विचारायचे, हे तिला कळत नव्हते. परिचारिका पाच हातांवर होत्या, पण खोलीत बाळांना घेऊन आलेले वडील, आजोबा आणि काका होते. मला हाच प्रश्न सुमारे दीड वर्षापूर्वी पडला होता आणि मीही तो तेव्हा कोणाला विचारला नव्हता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे बाळंतपण ठाण्यातील एका खासगी प्रसूतिगृहात झाले. पाचव्या दिवशी घरी सोडताना हातात दिलेल्या कार्डावर टाके कोरडे कसे ठेवायचे, किती वजन उचलायचे नाही, औषधे किती दिवस घ्यायची आणि बाळाच्या लसींच्या तारखा एवढे सगळे नीट लिहिलेले होते. पाळीविषयी मात्र एक ओळही नव्हती. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत मी धीर करून विचारले तेव्हा “येईल हळूहळू” असे उत्तर मिळाले आणि पुढचे नाव पुकारले गेले. बाहेर तीस-चाळीस बायका ताटकळत होत्या, त्यामुळे त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे २५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात आणि त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हेच प्रमाण सुमारे २० टक्के होते. दर चार बाळंतिणींमागे एकीला जो प्रश्न पडणार आहे, त्याचे उत्तर कार्डावर छापलेले असायला हवे, असे मला वाटते.

पहिला घोळ सुरुवातीच्या रक्तस्रावापासूनच होतो. सिझेरियन करताना वार काढल्यावर डॉक्टर गर्भाशय आतून पुसून घेतात, त्यामुळे ‘सीझरवालीला अंगावरून जात नाही’ असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात वार जिथे चिकटलेली असते ती जागा म्हणजे एक मोठी जखमच असते आणि बाळंतपण कोणत्याही मार्गाने झाले तरी ती भरून येण्यास सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. तोवर अंगावरून जाणारा स्राव आधी लाल, मग फिकट गुलाबी किंवा तपकिरी आणि शेवटी पिवळसर पांढरा होत जातो. तो मध्येच थांबून पुन्हा दिसू शकतो, जास्त चालणे-फिरणे झाले तर वाढू शकतो आणि बाळाला पाजताना पोटात कळ येऊन अधिक जाऊ शकतो. ही पाळी नव्हे. मी मात्र पाचव्या आठवड्यात पुन्हा लाल दिसले तेव्हा कॅलेंडरवर खूण करून पुढच्या महिन्याची वाट पाहत बसले आणि ती तारीख उलटून गेल्यावर विनाकारण घाबरले.

पाळी परत केव्हा येणार हे पोटावर टाके आहेत की नाहीत यावर ठरत नाही, ते मुख्यतः दुधावर ठरते. बाळ अंगावर पिते तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि बीजकोशातून बीज बाहेर पडणे लांबते. रात्रंदिवस अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी म्हणूनच सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ येत नाही, तर बाळ पूर्णपणे वरच्या दुधावर असेल तर ती बहुधा सहा ते आठ आठवड्यांत येते. माझ्या आजेसासूबाई सांगत की त्यांना दोन-दोन वर्षे पाळी येत नसे, आणि ते खरेच असणार, कारण त्यांचे मूल दोन वर्षे रात्रीही कुशीत पीत असे. आमचे तसे नसते. सिझेरियननंतर पहिले दोन-तीन दिवस आईला कूस बदलणेही अवघड जाते, बाळ उशिरा छातीशी येते, दूध उतरायला वेळ लागतो, तोवर कोणीतरी डब्यातले दूध सुरू करते आणि ते पुढे सुटत नाही. अशा बाईची पाळी लवकर आली की ‘सीझरमुळे लवकर आली’ असे म्हटले जाते, पण खरे कारण अंगावर पाजणे कमी झाले हे असते. माझी पाळी सातव्या महिन्यात आली. मी २६ आठवड्यांची रजा संपवून वागळे इस्टेटमधील नोकरीवर परतले होते, बाळ वरचे खाऊ लागले होते आणि दिवसाचे नऊ-दहा तास ते माझ्यापासून दूर होते. ऐरोलीहून ठाण्याला जाणाऱ्या लोकलमध्ये उभी असताना ती सुरू झाली तेव्हा माझ्याकडे पॅडही नव्हते, कारण बाळ पिते आहे तोवर पाळी येणारच नाही, असे मी गृहीत धरले होते.

पाळी आली की दूध नासते, म्हणून बाळाचे अंगावरचे दूध तोडा, असा सल्लाही त्या आठवड्यात मला दोन ठिकाणांहून मिळाला. तो चुकीचा आहे. काही जणींना एक-दोन दिवस दूध किंचित कमी वाटते, ते पुन्हा पूर्ववत होते, आणि बाळाला पाजत राहण्यास कोणतीही अडचण नसते.

याहून गंभीर गैरसमज म्हणजे पाळी आली नाही तोवर दिवस जात नाहीत हा होय. बीज आधी बाहेर पडते आणि पाळी त्यानंतर येते, म्हणजे पहिल्या पाळीच्या आधीच गर्भ राहू शकतो, आणि जी अंगावर पाजत नाही तिच्या बाबतीत हे बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यातही घडू शकते. अंगावरच्या दुधाने संरक्षण मिळते हे खरे आहे, परंतु त्यासाठी बाळ सहा महिन्यांच्या आतले असणे, त्याला दिवसा आणि रात्री केवळ आईचेच दूध मिळणे आणि पाळी आलेली नसणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. त्यांतील एक जरी सुटली तरी भरवसा संपतो. आमच्या इमारतीतील एका मैत्रिणीला सिझेरियननंतर पाळी आलीच नाही, ती निर्धास्त होती, आणि बाळ अकरा महिन्यांचे असताना पोटात हालचाल जाणवू लागल्यावर तिला पाचवा महिना असल्याचे कळले. गर्भाशयावरील टाका पुरता भरून यायला वेळ मिळावा म्हणून दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर हवे असते. बाळ झाल्यावर पुन्हा गर्भ राहण्याआधी किमान २४ महिने जावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. माझ्या मैत्रिणीचे दुसरे सिझेरियन सुखरूप पार पडले, पण ते चार महिने तिने आणि तिच्या घरच्यांनी कशा काळजीत काढले हे मी जवळून पाहिले आहे. सरकारी केंद्रांत तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे गर्भनिरोधक ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या विनामूल्य मिळतात, हे तिला दुसऱ्या बाळंतपणानंतर समजले. या साधनांनीही पाळीची चाल बदलते, ‘अंतरा’ने तर ती अनियमित होते किंवा काही काळ थांबते, हे आधी सांगितले तर बायका घाबरून ती मध्येच सोडणार नाहीत. सिझेरियनच्या वेळीच कॉपर-टी बसवली असेल तर पाळीत रक्तस्राव आणि दुखणे वाढू शकते आणि बाईला त्याचे कारण ठाऊक असावे लागते.

आता माझ्या स्वतःच्या त्रासाविषयी. पहिल्या दोन-तीन पाळ्या मागेपुढे होतात, कधी अधिक जाते, कधी कमी, हे मी ऐकून होते आणि ते बहुतेकींच्या बाबतीत खरेही असते. माझी पाळी मात्र पाचव्या दिवशी थांबल्यासारखी होऊन पुढे सहा-सात दिवस कॉफीच्या रंगाचे डाग पडत राहायचे. असे पाच महिने चालले. ‘सीझर झालंय, पिशवी अशक्त झालीय’ असे म्हणून मला डिंकाचे लाडू पुन्हा सुरू करण्यात आले. अखेरीस दुसऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी माझे सगळे ऐकून घेतले, योनिमार्गातून सोनोग्राफी केली आणि पडद्यावर मला दाखवले की गर्भाशयाच्या खालच्या भागात जिथे छेद घेतला होता तिथे भिंत भरून येताना आतल्या बाजूने एक लहानसा खळगा राहिला आहे. डॉक्टर त्याला इस्थमोसील म्हणतात. पाळीचे काही रक्त त्या खळग्यात साठते आणि पाळी संपल्यावर थेंबाथेंबाने झिरपत राहते, तोवर ते जुने होऊन तपकिरी झालेले असते. सिझेरियन झालेल्या बऱ्याच जणींना असा खळगा असतो आणि त्यांतील अनेकींना काहीच त्रास होत नाही, म्हणून सोनोग्राफीत तो दिसला एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. त्रास असेल तर गोळ्यांनी बराच आराम पडू शकतो आणि फार त्रास असेल किंवा पुढे गर्भ राहण्यात अडथळा येत असेल तर दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा विचार करतात. मला गोळ्यांनी बरे वाटले. परंतु त्या बाईंनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक सिझेरियन झालेल्या स्त्रीने लक्षात ठेवावी अशी आहे: पुढच्या वेळी पाळी चुकली की थांबून न राहता सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून गर्भ जुन्या टाक्याच्या जागी रुजलेला नाही ना, हे पाहून घ्यावे. असे क्वचितच घडते, पण घडले तर ते धोक्याचे असते आणि लवकर कळले तरच नीट उपचार करता येतात.

पोटावरच्या टाक्याशेजारी एखादी गाठ दर महिन्याला पाळीच्या दिवसांत दुखत आणि फुगत असेल तर तीही दाखवावी, कारण गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर क्वचित टाक्यात रुजतो आणि घरी मात्र ती ‘दोऱ्याची गाठ’ म्हणून सोडून दिली जाते. एका तासात पॅड पूर्ण भिजणे आणि तसे सलग होत राहणे, लिंबाएवढ्या गाठी पडणे, स्रावाला दुर्गंधी येणे, ताप, चक्कर, यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठले पाहिजे, मग बाळंतपण होऊन महिना उलटून गेलेला का असेना. अंगावर न पाजताही तीन महिन्यांत पाळी आली नाही तर आधी गर्भधारणेची चाचणी करावी आणि गर्भधारणा नसेल तर थायरॉइडसारखी कारणे तपासून घ्यावीत, पाळी आणण्यासाठी घरगुती काढे घेत बसू नये. आणि लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, सिझेरियनमध्ये आणखी जाते, आणि त्यावर पहिल्या पाळ्या जोराच्या आल्या तर जिना चढतानाही धाप लागते. माझ्या गोळ्यांचे पाकीट दुसऱ्या महिन्यातच कपाटात गेले होते, ही माझी चूक होती.

आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी सिझेरियन झालेल्या घरी सातव्या दिवसापासून सुरू होऊन ४२ व्या दिवशी संपतात आणि खासगी प्रसूतिगृहातून थेट सोसायटीत परतलेल्या माझ्यासारख्या अनेकींपर्यंत त्या पोहोचतही नाहीत. पाळीचे प्रश्न मात्र बहुधा त्या ४२ व्या दिवसानंतरच सुरू होतात. नवी मुंबई आणि ठाणे या दोन्ही महापालिकांच्या आरोग्य विभागांना माझे सुचवणे असे आहे की बाळाच्या लसीसाठी आई सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत आणि पुन्हा नवव्या महिन्यात केंद्रात येतेच, त्याच वेळी तिला बाजूला घेऊन, पडद्याआड, “पाळी आली का, आणि कशी येते?” एवढे विचारावे आणि बाळाच्या वजनाशेजारी त्याची नोंद करावी. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे पद लागत नाही, एक पडदा आणि नोंदवहीत एक रकाना लागतो. खासगी प्रसूतिगृहांनी घरी सोडतानाच्या कागदांबरोबर साध्या मराठीतील एक पान जोडावे आणि ते पतीसमोर वाचून दाखवावे, कारण रात्री दोन वाजता रिक्षा शोधायला बहुधा त्यालाच धावावे लागते.

त्या दिवशी त्या तरुण आईला मी परिचारिकेकडे घेऊन गेले. परिचारिकेने तिचे सगळे शांतपणे ऐकून घेतले, तपासणीसाठी कुठे आणि कोणत्या वारी जायचे ते सांगितले, आणि नोंदवहीत त्यासाठी जागा नसल्यामुळे बाळाच्या नावाशेजारच्या समासात बारीक अक्षरांत लिहिले: ‘आई — सीझर — पाळी अनियमित — पुढच्या लसीला विचारणे.’

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई