१६१८: भूकंप की वादळ? वसईकरांना मदतीचे आवाहन

सर्व सभासद व हितचिंतकांस सस्नेह नमस्कार वि. वि.

मे १६१८ चा 'मुंबईचा भूकंप' जुन्या भूकंपांच्या काही याद्यांत ६.९ तीव्रतेचा म्हणून बिनदिक्कत छापलेला असतो. बळी दोन हजार. वसईची जुनी वर्णने मात्र सांगतात की वाऱ्याने समुद्र गावात आणला, चर्चचे माथे उडाले. भूकंपात छप्पर कोसळते, उडत नाही! हे वादळच असावे, असे काही अभ्यासकही म्हणतात. मग ६.९ कसे ठरले?

यंत्रे नव्हती तेव्हाच्या धक्क्याचा अंदाज पडझडीवरून बांधतात. कुठे भिंती पडल्या, कुठे नुसती भांडी वाजली, हे गावागणिक नकाशावर मांडून सारख्या हादऱ्याच्या रेषा ओढायच्या. आतल्या रेषेत केंद्र, आणि हादरा किती दूर पोचला त्यावरून जोर. १९६७ चा कोयनेचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता. मग १६१८ चा कल्याण-जुन्नरला का जाणवू नये? तिकडचे कागद गप्प असतील तर तोही पुरावाच. असल्या याद्यांवरूनच आपल्या भागाचा धोका मोजतात, म्हणून हा खटाटोप.

याआधी वसई किल्ल्यातील शिलालेखांचे ठसे मंडळाने घेतले ते कुणाच्या जिवावर? पापडीच्या दादांनी टेम्पो दिला, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. निर्मळच्या बाईंनी सगळ्यांना जेवू घातले, वर सुकेळी बांधून दिली. आपल्या वयोवृद्ध फादरांनी डोळ्यांचे ऑपरेशन पुढे ढकलून पोर्तुगीज मजकूर वाचून दिला. कै. अध्यक्षांनी पेन्शनमधून शब्दकोश आणले, ते आजही कपाटात आहेत. या मंडळींचे ऋण फिटणारे नाही. गेल्या आवाहनाला मात्र ग्रुपवर अंगठे पुष्कळ आले, पावतीपुस्तक जवळजवळ कोरेच राहिले. असो.

१६१८ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे होती, म्हणून आता या घटनेचा उल्लेख शोधायला पणजीच्या पुराभिलेखागारातील पोर्तुगालचा राजा आणि गोव्याचा व्हाइसरॉय यांच्या पत्रव्यवहाराची पुस्तके पाहायची आहेत. प्रवास, मुक्काम, छायाप्रती, जुने पोर्तुगीज वाचून देणाऱ्याचे मानधन मिळून रु. ६०,०००. फूल ना फुलाची पाकळी द्यावी. रोख, धनादेश वा क्यूआर कोडने, वाचनालयात सायं. ५ ते ७ (सोमवार बंद), महिनाअखेरपर्यंत; पावती घ्यावी, करसवलत नाही. जुने कागद असल्यास कळवावे, मूळ प्रत घरीच ठेवा, आम्ही येऊन फोटो काढू. मोडी वाचणाऱ्यांनी नावे द्यावीत.

आपला नम्र,
चिटणीस

ता. क. मंडळाची दोन भिंगे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती आणून द्यावीत. नाव विचारणार नाही.