पानं बघायचा हिशेब

बोस्टन, ३ ऑक्टोबर

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "वाळकी पानं बघायला एवढ्या लांब? आपल्या परड्यात पोत्यानं पडल्यात." तेव्हा हसले, पण हिशेब दिल्याशिवाय चैन पडेना.

व्हरमाँट म्हणजे बोस्टनच्या वरचं डोंगराळ राज्य. गळायच्या आधी लाल-पिवळी होणारी तिथली पानं बघायला सगळे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी धरून जातात. त्या तीन दिवसांत खोल्यांचे भाव दुप्पट, वर "दोन रात्री घ्याच" म्हणून अट. रविवारी कासला गेलं की जी गत होते तीच. एसटीत जन्म काढलेल्या माणसाची लेक मी, गर्दीच्या दिवशी कशाला जाईन? मंगळवार-बुधवार रजा टाकली. पानं उत्तरेकडं आधी रंगतात, म्हणून स्टोसारखी नावाजलेली गावं सोडून पार वर, सेंट जॉन्सबरीच्या पुढं गेलो. खोली ९० डॉलर, आम्ही चौघी. माणशी साडेबावीस. गाडी मैत्रिणीची, पेट्रोल ४०, म्हणजे माणशी दहा. जेवण घरचंच. आई, तू शिकवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरली.

फसलो फक्त थंडीत. स्वस्त खोलीचा हीटर रात्रभर खडखडला आणि ऊब काही देईना. कोट घालूनच झोपलो.

तिथं रस्त्याकडेला जाहिरातीचे फलक नाहीत, १९६८ साली कायदाच केलाय. डोळ्यांना बरं वाटतं, पण पेट्रोलपंप किती लांब ते कळेना, तेव्हा जरा धाकधूक झाली. विलोबी म्हणून तळं आहे, दोन्ही अंगांना उभे कडे. त्यातल्या पिसगा डोंगरावर चढलो, तिकीट नाही. वरून बघितलं, तर फाल्गुनातला पळस आठवला. फक्त इथं फूल नाही, पानच पेटलेलं, आणि झाड न् झाड, डोंगरभर.

आणि तुमच्यासाठीची गंमत: इथं झाडाची काकवी करतात! मेपलच्या खोडाला भोक पाडून वसंतात रस धरतात, आपल्या गुऱ्हाळासारखा आटवतात. चाळीस गॅलन रसाची एक गॅलन काकवी. वाटेत एका शेताच्या कडेला फळीवर बाटल्या मांडलेल्या, शेजारी पत्र्याचा डबा. माणूस कुणी नाही. आपणच पैसे टाकायचे, बाटली उचलायची. छोटी बाटली पंधरा डॉलर. माझा हात डब्यापाशी जरा थबकला, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात येताना घेऊन येते. थालीपीठाबरोबर खाऊन बघा आणि कऱ्हाडकडच्या काकवीपुढं टिकते का ते तुम्हीच सांगा.

म्हणजे सगळे मिळून माणशी साडेबत्तीस. बाटलीचे पंधरा त्यात धरले नाहीत, अण्णा, ते तुमच्या खात्यावर.

तुमची,
धाकटी