सुन्या, क्यू द्यायला ये

प्रिय सुन्या,

भावा, "काय करायलास तिकडं, टीव्हीवर कधी दिसणार" असं तू विचारलंस आणि मी नुसता एक इमोजी टाकून गप्प बसलो, ते मला दोन दिवस टोचतंय. म्हणून आज बसून सगळं लिहितोय. अभिनयाच्या क्लासला सुट्टी आहे, रूमवरचे दोघंही इथं मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरला ऑडिशनला गेलेत, संध्याकाळपर्यंत कुणी येत नाही.

कधी दिसणार ते मला सांगता येणार नाही. खरं सात महिन्यांत काय शिकलो ते सांगतो, आणि ते तुलाच सांगायचंय, कारण यातलं निम्मं मी तुझ्याकडनंच घेतलंय आणि तुला त्याचा पत्ता नाही.

पहिला महिना आवाज खाली आणण्यातच गेला. आपली सवय काय, कोल्हापुरात केशवराव नाट्यगृहाला शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत वाक्य पोचलं पाहिजे. इथं माईक शर्टाच्या आत छातीला चिकटवलेला असतो. सरांनी पहिल्याच दिवशी माझा एक उतारा शूट केला, मॉनिटरवर लावला, मग आवाज बंद करून परत लावला, आणि काहीच बोलले नाहीत. भुवया, मान, हात सगळे एकदम बोलत होते. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. पण ते जाऊ दे, नाटकातनं आलेल्या सगळ्यांचंच असं होतं आणि दीड-दोन महिन्यांत ते बसतं.

अवघड त्याच्यानंतर सुरू झालं. आमचे सर तरुणपणी रोशन तनेजांच्या क्लासला होते. तनेजा म्हणजे न्यूयॉर्कला सॅनफर्ड माइझनर या अभिनयशिक्षकाकडं शिकून आलेले, साठच्या दशकात पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला शिकवायला लागले, जया भादुरी, शबाना आझमी, नसीरुद्दीन शाह हे सगळे त्यांचे विद्यार्थी. पुढं सत्तरच्या दशकात इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा कोर्सच बंद झाला तो थेट 2004 ला परत सुरू झाला, मधल्या काळात ज्याला शिकायचंय त्यानं मुंबईत येऊन असले क्लासच शोधायचे. तर त्या माइझनरचा एक व्यायाम आम्ही रोज करतो. दोघांनी समोरासमोर खुर्च्यांवर बसायचं आणि समोरच्याबद्दल जे दिसतंय ते एक वाक्य बोलायचं, "तुझ्या कॉलरचं बटण तुटलंय." समोरचा म्हणणार, "माझ्या कॉलरचं बटण तुटलंय." परत पहिला, परत दुसरा, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, तेच वाक्य. सुरुवातीला डोकं उठतं. मग कधीतरी विसाव्या-तिसाव्या वेळेला त्या वाक्याचं काहीतरी होतं, समोरच्याला राग आलेला असतो किंवा त्याला आईची आठवण आलेली असते आणि ते त्या बटणाच्या वाक्यातनं बाहेर पडतं, आणि तुझ्या तोंडातनं जे वाक्य येतं ते तू ठरवलेलं नसतं, त्यानं तुझ्यातनं काढलेलं असतं. माझ्यासमोर एक नागपूरची मुलगी होती त्या दिवशी. बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा आवाज आपोआप बदलला, मी काहीच केलं नाही रे, खरंच काही केलं नाही, आणि सर मागनं हळूच म्हणाले, "हे. एवढंच धरून ठेव."

तांत्रिक गोष्टीही खूप आहेत, त्या तुला आवडतील कारण फाउंड्रीत मापाशिवाय तुमचं काम होत नाही. शॉट लागला की पहिला प्रश्न, मॅग काय आहे? मॅग म्हणजे फ्रेम किती टाइट आहे ते. मिड असेल तर हात दिसणार, टाइट क्लोज असेल तर बसल्या जागी दोन बोटं वर सरकलास तरी कपाळ कापलं जातं, आणि लांबची लेन्स असली तर जरा पुढं झुकलास की फोकस गेला. फोकस बघणारा पोऱ्या टेप घेऊन तुझ्या डोळ्यापासनं अंतर मोजतो, डोळ्यापासनं, नाकापासनं नाही. जमिनीवर टेपची खूण असते, चालत येऊन खाली न बघता बरोब्बर तिच्यावर थांबायचं, त्यासाठी आधी उलटी पावलं मोजत जायचं. आणि क्लोजमध्ये समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघायचं नाही, पडद्यावर बुबुळं नाचल्यासारखी दिसतात, कॅमेऱ्याच्या बाजूचा एक डोळा धरायचा आणि त्यातच बघायचं.

कंटिन्युइटीनं मात्र मला रडवलं. एक साधा सीन होता, मुलगा चहा पितापिता बापाला सांगतो की मी उद्या जाणार. मास्टर, म्हणजे अख्खा सीन एका शॉटमध्ये, झाला, "उद्या" शब्दावर मी कप उचलला. मग मिड, मग सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरनं घेतात तो शॉट), मग क्लोज, प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासनं, आणि क्लोजमध्ये कप माझ्याकडनं "जाणार" वर उचलला गेला. एडिटला बसल्यावर ते दोन शॉट जुळेनात, आणि माझा सगळ्यात चांगला टेक तोच होता, तो टाकून द्यावा लागला. आता माझ्या स्क्रिप्टच्या कडेला पेन्सिलनं लिहिलेलं असतं, "उद्या, कप वर. बघू, घोट. बशीत ठेवायचा तो बापाचं वाक्य संपल्यावर." कारण कपाचा आवाज कुणाच्या शब्दावर पडला की तो शब्द गेला. कपातला चहाही प्रत्येक टेकला तेवढाच पाहिजे. हे सगळं सांभाळायचं आणि तरीही तुला वाटलं पाहिजे की हा पोरगा आत्ताच, पहिल्यांदाच, बापाला सांगतोय.

आता मुद्द्यावर येतो. कॅमेरा जेव्हा समोरच्याच्या क्लोजवर असतो तेव्हा आपण फ्रेममध्ये नसतो. कॅमेऱ्याच्या बाजूला स्टूलवर किंवा जमिनीवर बसून आपली वाक्यं बोलायची, त्याला क्यू देणं म्हणतात. सरांनी मला सलग दोन महिने तेच करायला लावलं. पोरं म्हणायची ह्याला शिक्षा आहे. मलाही पहिला आठवडा तसंच वाटलं, फी भरून आलोय आणि दुसऱ्यांसाठी वाक्यं वाचतोय. खरं हळूहळू दिसायला लागलं, मी वाक्य कसंतरी फेकलं की समोरच्याचा चेहरा मेलेला, आणि मी खरंच त्याला विचारतोय असं विचारलं की मॉनिटरवर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुणाला शिकवून येणार नाही. त्याचा तो शॉट निम्मा माझा असतो आणि त्यात मी कुठंच नसतो. याचं मला दुःख वाटायला पाहिजे होतं. पण मला लई भारी वाटलं सुन्या, इतकं की त्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा खात्रीनं म्हणालो की हे काम मला आयुष्यभर करायचंय.

सरांनी आम्हाला संत तुकाराम दाखवला, प्रभातचा, 1936 चा. आपल्या कोल्हापुरात 1929 ला निघालेली प्रभात 1933 ला पुण्याला गेली आणि आज त्याच स्टुडिओच्या जागेवर ती इन्स्टिट्यूट आहे, हे वर्गात मीच सांगितलं, छाती फुगवून. आपण लहानपणी आषाढीला टीव्हीवर बघायचो तेव्हा तुकाराम झालेल्या पागनीसांचे अभंग तेवढे लक्षात राहायचे. आता परत बघ. गौरीबाईंची जिजाई तोंडाचा पट्टा सोडते, संसार, पोरं, म्हैस, सगळं एका दमात, आणि पागनीस फक्त ऐकतात. ऐकताना डोळे थोडे हलतात, बस. पागनीस रंगभूमीवर स्त्री-भूमिका करून आलेले, म्हणजे नाटकातलाच माणूस, आणि इतकं शांत ऐकणं. मी तो भाग आवाज बंद करून तीन-चार वेळा पाहिला.

बाहेरची दुनिया वेगळी आहे, तेही सांगतो. ऑडिशनला दारातच एक पोरगा तुझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघतो आणि "नॉट फिट" म्हणतो, सीन द्यायचीही गरज नाही. आत घेतलं तर नाव, उंची, वय, डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात दाखव, मग सीन, मग "कळवतो". एकानं मला रोल पक्का आहे म्हणून पोर्टफोलिओचे आणि नोंदणीचे मिळून बारा हजार मागितले, मी निम्मे भरलेही, तो नंबर दुसऱ्या आठवड्यापासनं बंद. बाबांना हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. जो खरा काम देणारा असतो तो पैसे मागत नाही, हे मला आता कळलंय आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक पोराला मी तेच पहिलं सांगतो.

आणि एका मालिकेत एक दिवसाचा कंपाउंडरचा रोल मिळाला होता, त्याचं मी तुला काही बोललो नव्हतो. पानं सकाळी मेकअपला बसल्यावर हातात आली. पाच वाक्यं माझी. समोर एक मोठा नट. त्यांचा क्लोज आधी झाला, मी बाजूला बसून जीव तोडून क्यू दिला, त्यांचा टेक एकात ओके झाला. माझा क्लोज लागला आणि ते उठून व्हॅनिटीत गेले. त्यांची वाक्यं एका असिस्टंटनं फोन बघत बघत वाचली, आणि मी बघायचं कुठं तर स्टँडला चिकटवलेल्या पिवळ्या टेपकडं. मी त्या टेपला सांगितलं की तुमचा मुलगा वाचणार नाही साहेब. तो एपिसोड लागला तेव्हा माझं एकच वाक्य ठेवलं होतं, तेही माझ्या पाठीवरनं. रागापेक्षा मला वाईट वाटलं, कारण त्यांनी समोर बसून नुसतं माझ्याकडं बघितलं असतं तरी माझ्याकडनं काहीतरी निघालं असतं. मी कितीही मोठा होईन तेव्हा होईन, माझा क्लोज संपल्यावर उठून जाणार नाही. हे मी तुला लिहून देतो.

त्या रात्री मला तू आठवलास. राज्य नाट्यचा आपला प्रयोग, केशवरावचा स्टेज, दुसऱ्या अंकात माझं वाक्य गेलं. पुस्तक तुझ्या हातात होतं, तू विंगेत होतास, दुसरा कुणी असता तर शब्द फेकला असता आणि पहिल्या रांगेला ऐकू गेला असता. तू फेकला नाहीस. तू एक पाऊल उजेडात आलास, माझ्याकडं बघितलंस आणि माझ्यासोबत श्वास घेतलास. वाक्य आलं. आपण त्यावर कधी बोललोच नाही. ऑगस्ट 2024 ला केशवराव जळालं त्या रात्री तू खासबागेपाशी उभा राहून फोन केलास आणि दोघंही काही बोललो नाही, नुसता बंबांचा आवाज येत होता, तेव्हाही मला ती विंगच दिसत होती, डाव्या हाताची, दोरखंड गुंडाळून ठेवायचे तिथली.

तर काम असं आहे. एका वेबसिरीजसाठी सेल्फ टेस्ट, म्हणजे घरीच शूट करून पाठवायची ऑडिशन, मागवलीय, तीन पानांचा सीन, दोन भाऊ, आईला कुणी ठेवून घ्यायचं यावरनं. धाकटा माझा. कालपासनं रूममेटला घेऊन चौदा टेक केले, तो चांगला पोरगा आहे, खरं त्याचं लक्ष त्याच्या स्वतःच्या ऑडिशनकडं, आणि चौदाच्या चौदा टेकमध्ये मी एकटाच बोलतोय असं दिसतंय. पाठवायची शेवटची तारीख पुढच्या सोमवारची आहे. तुझी साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते ना अजून? शनिवारी रात्रीची महालक्ष्मी पकड, दादरला उतर, मी प्लॅटफॉर्मवर येतो. रविवारी दुपारी उजेड चांगला असतो खिडकीतनं, तेव्हा करू, रात्रीच्या गाडीत तुला परत बसवतो, सोमवारी शिफ्टला पोचशील. तिकिटाचे पैसे मी देणार, यावर वाद नको.

पानं सोबत जोडलीत. थोरल्याची वाक्यं तुझी. अॅक्टिंग करू नको, पाठही करू नको, फक्त एकदा वाचून ये. दुसऱ्या पानावर तो म्हणतो, "मग तू सांग ना, मी काय करू," तिथं माझ्याकडं बघ, आणि मी लगेच बोललो नाही तर थांब.

काकींना सांग, कांदा-लसूण चटणी संपलीय, अर्धा किलो तरी पाठवा.

तुझाच,
बंड्या