खर्जाची तार आणि तुमचा एक प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार.

बाबांचं ऐकणं तपासायला श्रवणतज्ज्ञ म्हणून तुमच्याकडे आलो, ती आपली पहिली भेट जेमतेम तासाभराची. तरी हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण बाबांसारखी माणसं पुण्यात घरोघरी असणार.

बाबा ७२ वर्षांचे. पहाटे तानपुरा घेऊन बसायचा त्यांचा नेम. दिवाळीनंतर एकच तक्रार सुरू झाली, "खर्ज बोलत नाही." खर्ज म्हणजे तानपुऱ्याची सर्वांत खालच्या स्वराची तार. दोनदा तारा बदलल्या, घोडी घासून जवारी काढून आणली, घोडीवरचा दोरा पुढेमागे सरकवून पाहिला. मला मात्र खर्ज स्वच्छ ऐकू येत होता. कानाच्या डॉक्टरांनी मळ नाही, पडदा ठीक आहे असं सांगितलं. पुढे एका ठिकाणी दहा मिनिटांत तपासणी उरकून "वय झालं" म्हणत कानाच्या मशीनचे दर आमच्या हातात ठेवले.

तुम्ही ऐकण्याच्या तपासणीचा आलेख समोर धरून बराच वेळ पाहत राहिलात. वयानं जाणारं ऐकणं बहुधा वरच्या पट्टीपासून जातं. बाबांची रेघ मात्र २५० हर्ट्झलाच, म्हणजे खालच्या स्वरांतच, ४५ डेसिबलपर्यंत उतरलेली. मग तुम्ही विचारलंत, "काका, जिना चढताना दम लागतो?"

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, पर्वतीच्या १०३ पायऱ्यांत आता दोनदा बसावं लागतं. आम्हाला घरी हे ठाऊकच नव्हतं.

तुम्ही कागदावर आतल्या कानाचा शंखासारखा भाग काढून दाखवलात. आतल्या कानाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तीही बारीक. ती अडली तर दुसरी वाट नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांनी रक्तवाहिन्या बिघडतात, तेव्हा त्याची झळ तिथंही पोचू शकते. "यावरून हृदयरोग आहे असं मी म्हणत नाही, पण हृदय तपासून घ्या," हे तुम्ही दोनदा बजावलंत. त्या दिवशी मशीन विकलं नाहीत. ताई, हे मी विसरणार नाही.

अँजिओग्राफीत दोन ब्लॉकेज निघाले. स्टेंट बसले.

नंतर मी वाचलं, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या वृद्धांवरच्या १९९३च्या अभ्यासातही हृदयविकाराचा संबंध खालच्या स्वरांच्या ऐकण्याशी जास्त दिसला होता, विशेषतः बायकांमध्ये. आई ६८ची आहे. तिच्याही कान आणि हृदय, दोन्ही तपासण्या करून घेतल्या.

बाबांचं गेलेलं ऐकणं परतलं नाही. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं. तुमच्याकडून घेतलेलं मशीन आता ते दिवसभर लावतात. फोनवर "काय? काय?" कमी झालंय. गोळ्या वेळेवर घेतात, संध्याकाळी सारसबागेला फेरी मारतात.

खर्ज पूर्वीसारखा नाही, असं अजून म्हणतात. तरी रोज लावतात, भोपळ्यावर तळहात टेकवून, थरथर अजमावत. एखाद्या रविवारी सकाळी ऐकायला या. बाबांनीच बोलावलंय.

तुमची,
काकांची मुलगी