आई, यंदा मसाला मी पाठवतोय

नागपूर,
एप्रिलचा दुसरा रविवार

तीर्थरूप बाबांस व तीर्थस्वरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शेजारचे काका उद्या सेवाग्रामला चाललेत. जाताना वर्ध्याला तुमच्याकडे थांबून हा डबा देतील. पत्र वरच ठेवलंय, म्हणजे बरण्या उघडण्याआधी वाचाल. फोनवरही सांगितलं असतं, पण आई आधी विचारते जेवलास का, मग फोन मुलांकडे जातो, मग बाबा उन्हाचं विचारतात, आणि जे सांगायचं ते राहूनच जातं.

आई, होळीच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "यंदा तिखट-मसाला नाही झाला रे माझ्यानं. खांदा वरच जात नाही. माफ कर, बाजारातून घेऊन घ्या." त्यावर मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. त्या रात्री झोप लागली नाही. बारा वर्षं दर चैत्रात तुझ्या दोन बरण्या आमच्या घरी येताहेत, लाल झाकणाची तिखटाची आणि निळ्या झाकणाची काळ्या मसाल्याची. एकदाही मी विचारलं नाही की हे दळायला-कुटायला तुला किती दिवस लागतात. वर माफी तू मागायची? हा डबा त्या माफीचं उत्तर आहे.

आमचं घर कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमची सून साडेसातशिवाय येत नाही, मला सात वाजतात. मोठीचा अभ्यास, लहान्याची रडारड, उद्याचे डबे. गेल्या दिवाळीपासून आठवड्यातून तीन-चार रात्री बाहेरूनच जेवण मागवत होतो. ओट्याखाली प्लास्टिकच्या डब्यांची चळत झाली होती. चौघं चार वेळांना जेवायचो, तेही आपापल्या कोपऱ्यात. तुझा मसाला मात्र रविवारच्या भाजीपुरता जपून वापरायचो. संपेल या भीतीनं.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी मोठीला घेऊन इतवारीच्या बाजारात गेलो. बाबा, तुम्ही मला वर्ध्याहून पॅसेंजरनं आणायचात, पाऊणशे किलोमीटर, आणि स्टेशनबाहेर सायकलरिक्षात बसवायचात. आता आमच्या सुभाषनगरहून चितारओळीपर्यंत सरळ मेट्रो जाते. सीताबर्डीच्या पुढचा तो टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, आणि मी पहिल्यांदा त्यात बसलो ते यंदा, मसाल्यासाठी. चितारओळीत मूर्तिकारांच्या दारातली माती पाहून मोठी तिथेच रेंगाळली. तिला ओढतच किराणा ओळीकडे नेलं.

दुकानात उभा राहिलो आणि तुमचे हात आठवले. तुम्ही मिरची कानाजवळ नेऊन हलवायचात, बिया वाजल्या पाहिजेत. देठ ओढून बघायचात, सहज निघाला तर बाजूला. एक तरी मिरची मोडून आत बुरशी नाही ना ते पाहायचात. धणे तळहातावर चोळून नाकाशी न्यायचात. दुकानदार कंटाळायचा, मीही कंटाळायचो. परवा हे सगळं मी जसंच्या तसं केलं. शिकलो कधी ते माहीत नाही, पण हाताला येत होतं.

भिवापुरी मिरची मागितली. आधी आंध्राची तेजा दाखवली, दिसायला छान, तिखटही जाळ. मी म्हटलं, "माझे वडील भिवापुरीच न्यायचे." मग आतून एक पोतं निघालं. बाबा, तुमच्या त्या मिरचीला आता भौगोलिक मानांकन आहे, पण पोतं आतच असतं, विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. दीड किलो भिवापुरी घेतली आणि अर्धा किलो तेजा, कारण नुसत्या भिवापुरीनं रंग येतो पण तुम्हाला हवा तो ठसका येत नाही. हळकुंडं वायगावची. हे सांगायला मला अभिमान वाटतो, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली. त्या हळदीला २०१६ साली मानांकन मिळालं. कुटल्यावर जो गडद रंग आला तो पाकिटातल्या हळदीत मी कधी पाहिला नव्हता.

परतताना पोट्टीला भूक लागली. तुम्ही मला ज्या गल्लीत पाटोडी-रस्सा खाऊ घालायचात, तिथेच गेलो. ते दुकान राहिलं नाही, पण चार घरं सोडून दुसरं सावजीचं आहे. तुम्ही तेव्हा सांगितलेलं मी तिला सांगितलं, की हे हलबा कोष्टी विणकरांचं जेवण, दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं, आणि पूर्वी ते जवसाच्या तेलात व्हायचं. तिनं रस्सा बोटानं चाखला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरं बोट बुडवलं.

आता मसाल्याचं. आई, पहिल्या खेपेला चुकलं. घाईत होतो, म्हणून धणे, जिरे, मिरे, खसखस सगळं एकाच कढईत टाकलं. धणे अजून कच्चेच होते तोवर जिरं करपलं आणि खसखस काळी पडली. त्या मसाल्याची आमटी इतकी कडू झाली की कोणी बोललं नाही, नुसतं ताट सारलं. तुला फोन केला तेव्हा तू रागावली नाहीस. एवढंच विचारलंस, "वास कसा आला होता?" मला सांगता येईना. मग म्हणालीस, "घड्याळ नको पाहू. नाकाला विचार."

दुसऱ्या खेपेला सकाळी साडेपाचला उठलो. एप्रिलातल्या नागपुरात त्यानंतर शेगडीपाशी उभं राहवत नाही. प्रत्येक खडा वेगळा भाजला. धणे मंद आचेवर, तडतड आवाज थांबून गोडसर वास येईपर्यंत. जिरं त्याच्या निम्म्या वेळात. लवंग टम्म फुगली की लगेच उतरवायची. तेजपान हातानं चुरलं जाईल इतकं. खसखस अगदी शेवटी, शेगडी बंद करून, गरम कढईतच. नागकेशर आणि जायपत्री कढईला फक्त दाखवायची. मोठी वेलची सोलायची नाही, सालासकट. आणि दगडफूल तेलाच्या एका थेंबावर, कारण कोरडं भाजलं तर त्याचा वास तेवढा वर येत नाही.

त्या दगडफुलाची गंमत ऐक. मोठी झोपेतून उठून आली, डोळे मिटून ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आजीचा वास येतोय." मी तिला सांगितलं की हे फूल नाहीच, बुरशी आणि शैवाल एकत्र येऊन दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढतात, ते आहे. तिनं ऐकलं नाही. तिच्यासाठी तो आजीचा वास. तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळी एक खेळ चालतो. ती डोळे मिटते, मी वाटी नाकाशी नेतो, तिनं ओळखायचं. शहाजिरं आणि साधं जिरं ती आता चुकत नाही. लहान्याला फक्त हिंग ओळखता येतो, आणि आला की तो पळून जातो.

सगळं पूर्ण गार झाल्यावर कांडपावर नेलं. मिक्सरमध्ये करणार होतो, पण तुझं आठवलं, भांडं तापलं की वास उडतो. कांडपवाल्या मावशींनी विचारलं, खोबरं कुठाय? म्हटलं, आमच्या आईच्या मसाल्यात खोबरं नसतं, त्याचं तेल सुटून मसाला खवट होतो, ते आयत्या वेळी भाजायचं. मावशी म्हणाल्या, "आईनं बरोबर शिकवलं." तू कधी बसवून शिकवलं नाहीस, आई. मी ओट्याखाली गृहपाठ करत बसायचो आणि तू बोलत बोलत करत राहायचीस. तेच आत राहिलं असावं.

आणि आता जे मनापासून सांगायचंय ते. मला वाटायचं की संध्याकाळचा स्वयंपाक म्हणजे दमलेल्या माणसावर आणखी एक काम. तसा तो आहेही, नाही म्हणत नाही. तुझ्या दमण्याला मी त्या काळात काहीच नाव दिलं नाही, त्याची खंत आहे. पण सात वाजता घरी आल्यावर मी कढई ठेवतो, तेल तापतं, मोहरी उडते, आणि ऑफिसातलं डोक्यातलं सगळं जागच्या जागी थांबतं. फोडणी दुसऱ्या विचाराला जागाच देत नाही. जिरं टाकलं आणि फोनकडे पाहिलं की जिरं गेलं. दिवसभरात असा वेळ मला दुसरा मिळत नाही. पाऊण तास, रोज नाही, आठवड्यातून चार दिवस. बाकी दिवशी खिचडी, आणि एखाद दिवशी बाहेरचंही. पण त्या चार दिवशी चौघंही एका वेळी ताटावर असतो. तुमची सून दार उघडतानाच ओळखते आज काय आहे. ती म्हणते, जिन्यातच दिवसाचा थकवा निम्मा होतो. भाकरी तिच्या, भाजी माझी, असं ठरलंय.

मागच्या रविवारी पाटोडी केली. बेसन घोटून ताटात थापलं, वर खसखस, खोबरं, सांबार म्हणजे कोथिंबीर. रश्श्याला कांदा अगदी काळपट होईस्तोवर परतला. मग तू करतेस तसं आच कमी करून तिखट टाकलं आणि लगेच पाण्याचा हबका मारला. लहानपणी मला ते जादूसारखं वाटायचं. मिरचीचा रंग आणि तिखटपणा पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो, आणि तिखट करपू नये म्हणून तो हबका, हे आता कळलं. तर्री वर आली तेव्हा मी एकटाच स्वयंपाकघरात होतो. खरं सांगतो, तुला हाक मारावीशी वाटली.

बाबा, तुमच्यासाठी डब्यात तिसरी लहान बरणी आहे, पांढऱ्या झाकणाची. डॉक्टरांनी मीठ कमी केल्यापासून तुम्ही सगळ्याला सपक म्हणता आणि अर्धी भाकर ठेवून उठता, हे आईनं सांगितलंय. तिच्यावर रागावू नका. ही जवसाची चटणी आहे, जवस, तीळ, लसण, भाजलेलं जिरं, थोडं आमचूर आणि भिवापुरी. मीठ अजिबात नाही. आंबट आणि भाजक्या वासामुळे मिठाची उणीव कमी जाणवते, आठ दिवस मी स्वतः खाऊन पाहिलंय. वरणावर एक चमचा आणि लिंबू पिळून घ्या. जवस लवकर खवट होतं, म्हणून थोडीच केलीय, पंधरा दिवसांत संपवा. संपली की सांगा, ताजी पाठवतो. भाकर मात्र पूर्ण खायची.

आई, बरण्या उन्हापासून दूर ठेव, खिडकीच्या फळीवर नको. वर हिंगाचे दोन खडे घातलेत. बरणी उचलू नकोस, ओल्या चमच्यानं घेऊ नकोस, हे मी तुला सांगतोय याचं मलाच कसंतरी होतं. खांद्याचे व्यायाम चालू ठेव. वरच्या फळीवरचे डबे खाली आणायला मी पंधरा दिवसांत येतोच आहे, तोवर स्टुलावर चढायचं नाही. बाबांनी तर नाहीच नाही.

एक काम आहे. निळ्या झाकणाची बरणी उघडलीस की आधी वास घे, मग रात्री आमटीत टाक आणि मला फोन कर. मन राखू नकोस. मला वाटतं नागकेशर कमी पडलंय आणि धणे जरा जास्त झालेत, पण माझं नाक अजून तेवढं तयार नाही. निम्मे खडे मी भाजलेच नाहीत, तसेच बांधून ठेवलेत. तू सांगशील तसं दुसऱ्या घाण्यात करतो.

मुलांचा साष्टांग नमस्कार. सुनेचा नमस्कार.

तुमचा,
बाळ

ता. क. मोठीनं डब्यात कागदाच्या पुडीत दगडफुलाचा एक तुकडा ठेवलाय. तो मसाल्यात टाकायचा नाही म्हणे, आजीनं नुसता जवळ ठेवायचा.