समीर, तुझा राग खरा आहे

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा जेवताना तू म्हणालास, "या पोलिसांचे पगार अर्धे करा, म्हणजे येतील ताळ्यावर." बाबा काही बोलले नाहीत. ताट उचललं, स्वतःच धुतलं आणि आत जाऊन पडले. त्यांचं दुःख तुला दाखवावं म्हणून हे पत्र लिहीत नाही. त्यांनी तीस वर्षं ती वर्दी घातली आणि याहून कितीतरी कडू शब्द ऐकले. मी लिहिते आहे कारण तुझ्या बोलण्यातलं अर्धं मला पूर्ण पटतं आणि अर्धं अजिबात पटत नाही. समोरासमोर बसलो की मी पोलिसाची बायको होते आणि तू चिडलेला मुलगा. कागदावर जरा नीट बोलता येईल.

आधी पटतं ते सांगते. तुझी लॅपटॉपची बॅग चोरीला गेली. तू संध्याकाळी ठाण्यात गेलास आणि रात्री साडेदहाला परत आलास. साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलास तर म्हणे, ही आमची हद्द नाही. तक्रार कुणी लिहूनच घेतली नाही, वर एकाने "बॅग सांभाळता येत नाही का?" असं सगळ्यांसमोर विचारलं. बॅग गेल्यापेक्षा तो प्रश्न तुला जास्त लागला, हे मला कळलं होतं. पुढे चोर सापडला नसता तरी चाललं असतं. कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं होतं, चार ओळी लिहून घ्यायला हव्या होत्या, तेवढंही झालं नाही. टॉम टायलर नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने कित्येक वर्षं याच गोष्टीचा माग काढला. पोलिसांबद्दल माणसाचं मत बनतं ते काम झालं की नाही यावर कमी आणि आपल्याला कसं वागवलं यावर जास्त, हे त्याने पुन्हा पुन्हा दाखवलं. वेस्ली स्कोगन या दुसऱ्या अभ्यासकाने 2006 मध्ये त्यात आणखी एक कडू भर घातली. पोलिसांच्या वाईट अनुभवाचं वजन चांगल्या अनुभवापेक्षा चार ते चौदा पट भरतं. म्हणजे तुझी ती एक संध्याकाळ पुसायला किती चांगल्या संध्याकाळी लागतील, बघ. लोकांचं मत बिघडतं ते असं, एकेका बाकड्यावर, एकेका प्रश्नाने. त्यात लोकांचा काही दोष नाही. ज्याला तसं वागवलं गेलं त्याने चिडलंच पाहिजे.

न पटणारं तिथून पुढे सुरू होतं. तुझा राग वागणुकीचा आहे आणि शिक्षा तू पगाराला देतो आहेस. तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा पगार कापला तर तो पुढच्या मुलाला खुर्ची देईल, असं तुला मनापासून वाटतं का?

तू चौथीत होतास त्या वर्षाची एक गोष्ट आजवर तुला सांगितली नव्हती. त्या वर्षी पोलिसांची पगारवाढ थांबवली आणि रात्रपाळीचा भत्ता बंद केला. घरात तंगी झाली, पण उपाशी कुणी राहिलं नाही. बाबांना लागली ती वेगळीच गोष्ट. कबूल केलेलं दिलं नाही, आणि का दिलं नाही हे सांगायलाही कुणी समोर आलं नाही. त्या सुमारास एक म्हातारी बाई बांगड्यांच्या चोरीची तक्रार घेऊन दर आठवड्याला ठाण्यात यायच्या. त्याआधी बाबा ड्यूटी संपल्यावरही अशा लोकांकडे जाऊन यायचे, शेजारीपाजारी विचारायचे, कुणी काही पाहिलं का ते बघायचे. ते काम कुठल्या नियमात बसत नव्हतं, कुणी सांगितलेलंही नव्हतं. त्या वर्षी त्यांनी ते सोडून दिलं. लाच घेतली नाही, ड्यूटी चुकवली नाही, उद्धटपणे बोलले नाहीत. फक्त पाट्या टाकल्या. "काही कळलं तर कळवू" एवढंच त्या बाईंना सांगत राहिले. काही महिन्यांनी बाई यायच्या बंद झाल्या.

हे मला त्यांनी निवृत्त झाल्यावर सांगितलं. त्यांना त्याची लाज वाटते, आणि वाटायलाच हवी असं मलाही वाटतं. त्या बाईंनी कुणाचा भत्ता कापला नव्हता. तरी कपातीची किंमत चुकवली ती त्यांनीच.

ही एका घरातली गोष्ट झाली, त्यावरून सगळ्या जगाबद्दल बोलू नये. म्हणून मी वाचायला घेतलं आणि न्यू जर्सीवरचा एक अभ्यास सापडला. अमेरिकेतल्या त्या राज्यात पोलीस संघटना आणि नगरपालिका यांचं पगारावरून अडलं की वाद लवादाकडे जातो. अलेक्झांद्र मास या अर्थशास्त्रज्ञाने अशा निकालांनंतरचे महिने तपासले आणि ते 2006 मध्ये छापलं. पोलीस हरले की पुढच्या काळात अटकेचं प्रमाण खाली येतं, गुन्ह्यांच्या नोंदी वाढतात, दोषींना होणाऱ्या शिक्षांची सरासरी मुदतही कमी होते. शिक्षा कमी का होतात, यावर मी बराच वेळ विचार केला. पुरावा नीट गोळा केला नाही, साक्षीदाराकडे दुसऱ्यांदा गेलं नाही, कागद ढिला ठेवला, तर न्यायालयात खटला लंगडा उभा राहतो. त्यातलं कुठलंही काम केलं नाही म्हणून कुणाला निलंबित करता येत नाही. आणि मागणी व निकाल यांतलं अंतर जितकं मोठं, तितका परिणाम मोठा. म्हणजे हातात किती रुपये पडले यापेक्षा आपल्याला किती कमी लेखलं, हे माणसाला जास्त बोचतं. बाबांची गोष्ट मला तिथे आकड्यांत भेटली.

आता तू म्हणशील, म्हणजे पोलिसांनी रुसून बसावं आणि लोकांनी त्यांना पैसे देऊन मनवावं? मुळीच नाही. 9 सप्टेंबर 1919 ला अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 1,544 पैकी 1,117 पोलीस संपावर गेले. पगार महागाईच्या कितीतरी मागे पडले होते, तास बेसुमार होते, गणवेशसुद्धा पदरच्या पैशाने घ्यावा लागे. पण ते रस्त्यावरून उठले आणि शहरात लूटमार झाली, सैन्य बोलवावं लागलं, माणसं मेली. गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी सांगितलं की जनतेच्या सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कुणालाही, कुठेही, कधीही नाही. लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. संपावर गेलेल्यांपैकी एकालाही परत घेतलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या नव्या भरतीला मात्र जास्त पगार आणि फुकट गणवेश मिळाला. मागणी खरी होती हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं, असाच त्याचा अर्थ झाला. 50 वर्षांनी, 7 ऑक्टोबर 1969 ला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये पोलिसांनी काम थांबवलं, तेव्हाही रात्र पडायच्या आत बँका लुटल्या जात होत्या. पोलिसाच्या हातात संपाचं हत्यार नको, असं माझं ठाम मत आहे. पण ज्याच्या हातातून ते हत्यार आपण काढून घेतो, त्याच्याशी दिलेला शब्द जास्त काटेकोरपणे पाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते. इंग्लंड-वेल्समध्ये 1919 च्याच कायद्याने पोलिसांना कामगार संघटनेत जायला बंदी घातली आणि तिच्या जागी पोलीस फेडरेशन दिलं. बोलायचा हक्क ठेवला, काम थांबवायचा काढून घेतला. पुढे पगार पुन्हा मागे पडले आणि माणसं सोडून जायला लागली, तेव्हा 1978 मध्ये लॉर्ड एडमंड-डेव्हिस यांच्या समितीच्या शिफारशीवरून मोठी पगारवाढ द्यावी लागली.

तिथलीच पुढची गोष्ट तुझ्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. 2010 मध्ये सरकारने पोलिसांसाठीचा केंद्रीय निधी चार वर्षांत 20 टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. पोलिसांच्या पगाराचा आढावा घ्यायला सरकारने नेमलेल्या टॉम विन्सर यांच्या अहवालांनंतर नव्या शिपायाचा सुरुवातीचा वार्षिक पगार सुमारे 23,000 पौंडांवरून 19,000 पौंडांवर आणता येईल अशी सोय झाली. मे 2012 मध्ये सुमारे 30,000 पोलीस सुटी घेऊन लंडनच्या रस्त्यांवर चालले. त्यांच्यातल्या 16,000 जणांच्या डोक्यावर काळ्या टोप्या होत्या, जाणाऱ्या एकेका नोकरीसाठी एक. तेव्हा पुष्कळ लोकांचं मत तुझ्यासारखंच होतं. सगळ्यांचेच पगार थांबलेत, यांनाच काय सोनं लागून गेलंय? त्यात चूक होती असं मी म्हणत नाही, सगळ्यांची ओढाताण चालू असताना तो प्रश्न रास्तच असतो. पण पुढच्या काही वर्षांत तिथले सुमारे 20,000 पोलीस कमी झाले. अनुभवी माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर नव्या पोरांना शिकवणारे हातही गेले. मग 2019 मध्ये नव्या सरकारने तीन वर्षांत 20,000 पोलीस भरण्याची घोषणा केली. भरती घाईघाईने झाली. 2022 मध्ये पोलीस निरीक्षण यंत्रणेने भरतीपूर्व चौकशीच्या 725 फायली उघडल्या, तेव्हा 131 फायलींमधला निर्णय संशयास्पद निघाला. ज्यांच्या हातात कधीच वर्दी द्यायला नको होती अशी माणसं आत आली होती.

कपातीमुळेच हे सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. चौकशी नीट न करणं हा ज्याचा त्याचा वेगळा गुन्हा आहे. पण माणसं एका झटक्यात कमी करता येतात आणि एका झटक्यात परत घडवता येत नाहीत, हे मात्र त्यातून लख्ख दिसतं.

आणि एवढं सगळं वाचून "मग पगार वाढवा, सगळं सुधारेल" असंही म्हणू नकोस. तो भ्रम मीही बाळगला होता. घानामध्ये 2010 साली पोलिसांचे पगार जवळजवळ दुप्पट झाले. जेरेमी फोल्ट्झ आणि क्वेकू ओपोकू-आगेमांग या दोन अभ्यासकांनी महामार्गावरच्या ट्रकचालकांकडून गोळा केलेल्या माहितीवरून तपासलं, तर लाच कमी होण्याऐवजी वाढलेली निघाली. पगार वाढला, पण नाक्यावर उभ्या असलेल्या माणसावर नजर ठेवणारं कुणी वाढलं नाही. जॉर्जियात, म्हणजे कॉकेशसमधल्या देशात, 2004 मध्ये सगळं वाहतूक पोलीस दलच बरखास्त केलं. नवी माणसं निवडली, त्यांना कितीतरी पट पगार दिला आणि लाच घेताना सापडला की थेट बाहेरचा रस्ता. आतलं बाहेरून दिसावं म्हणून ठाण्यांना काचेच्या भिंती बांधल्या. रस्त्यावरची चिरीमिरी तिथे खरोखर आटली. दोन्हीकडे पैसा वाढला होता, काच एकीकडेच होती.

म्हणून कुणी मला "पोलिसांचे पगार कापावेत का?" असं विचारलं तर मी उत्तर देण्याआधी विचारणाऱ्यालाच थांबवते. तो प्रश्न रागाच्या माणसाला सोपा पडतो, "हो" म्हटलं की बरं वाटतं. खरे प्रश्न कंटाळवाणे आहेत. तक्रार घेतली नाही तर ती घेणं कुणाला भाग पाडता येतं? तुला तो प्रश्न विचारणाऱ्या माणसाविरुद्ध तू लिहून दिलंस तर ते कोण वाचतं, त्याच्याच खोलीतला साहेब की बाहेरचा कुणी? त्याला किती दिवसांत उत्तर द्यावं लागतं? सलग बारा-चौदा तास उभ्या असलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता बाकड्यावर बसवून आपण त्याच्याकडून कुठली वागणूक मागतो आहोत? हा शेवटचा प्रश्न मी त्याची बाजू घेऊन विचारत नाही. थकवा हे उद्धटपणाचं समर्थन नाही, बाबांना रुसवा शोभला नाही तसंच. पण तास कमी करायचे तर माणसं जास्त लागतात, आणि माणसं जास्त लागली तर पैसा लागतो. नीट वागणूकही हवी आणि पगारही कापायचा, या दोन मागण्या एका दमात करता येत नाहीत.

बाबांना मी हे पत्र वाचून दाखवलं. बांगड्यांचा भाग वगळू का, असं विचारलं. म्हणाले, "राहू दे, त्याला कळायलाच हवं." मग बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, तक्रार अजून झालेली नाही, ती व्हायला हवी. हद्द कुठलीही असो, लेखी अर्ज दोन प्रतींत कर. कधी गेलास, कोण काय म्हणालं, ते तारीख-वेळेसकट लिही आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. ते घ्यायला तयार नसतील तर तोच अर्ज वरच्या कार्यालयात टपालाने पाठव आणि पावती जपून ठेव. सोमवारी ते तुझ्याबरोबर येतील. आपण कोण होतो हे तिथे सांगणार नाहीत, तुझ्या शेजारी नुसते बसून राहतील.

तुझी,
आई